खांद्यावरून मुठीत



ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे त्यांच्यापैकी एकही जण या सभागृहात दिसत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. लग्नसराईचे दिवस आहेत. बीड बायपासवरची लॉन्स आणि मंगल कार्यालये दिव्यांनी उजळली आहेत, आणि ही मंडळी या घटकेला कोणाच्या तरी वरातीपुढे उलटी चालत असतील. उलटी म्हणजे अक्षरशः उलटी. नवरदेवाचा घोडा सावकाश पुढे सरकत असतो, त्याच्यापुढे मित्रांचा घोळका नाचत असतो, आणि त्या घोळक्याकडे तोंड करून, पाठीमागचा खड्डा, गटार, दुभाजक यांचा अंदाज केवळ पायांनी घेत, एक मुलगा मागे मागे जात असतो. त्याच्या मुठीत चष्म्याच्या डबीएवढा कॅमेरा असतो. त्या मुलाविषयी आणि त्या कॅमेऱ्याविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

चालकांनी विषय विचारला तेव्हा मी नव्या कामगार संहितांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. जुने एकोणतीस कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या, आणि माझे आयुष्य संघटनेच्या कामात गेलेले. तेव्हा ती अपेक्षा रास्तच होती. ‘लग्नाच्या शूटिंगवर बोलतो’ असे मी म्हणालो, तेव्हा फोनवर क्षणभर शांतता पसरली. परंतु मी विषय सोडलेला नाही. कायद्याच्या मापात जो माणूस नीट बसत नाही त्याच्याकडे पाहिले, म्हणजे कायदा अधिक चांगला कळतो, असा माझा अनुभव आहे.

कॅमेरा हलका झाला की तो कोठे जाऊन पोहोचतो, ही गोष्ट सिनेमाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात चित्रे टिपणारे जे यंत्र तयार झाले ते विजेवर चालणारे आणि बोजड होते. ते हलवणे सोपे नव्हते, म्हणून माणसांनाच त्याच्याकडे जावे लागे. १८९३ साली त्याच्यासाठी एक काळी खोली बांधली, आणि नट, नर्तकी, पहिलवान तेथे येऊन आपापली कला करून जात. पुढे दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये लुमिएर बंधूंनी हाताने फिरवायची, सुमारे पाच किलो वजनाची पेटी काढली. ती पेटी चित्र टिपी, त्याची प्रत काढी आणि पडद्यावर दाखवीही. ती उचलून माणूस रस्त्यावर गेला. तिने टिपलेले पहिले चित्र कशाचे होते? कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे! कारखाना अर्थात लुमिएरांचाच. कामगार सिनेमात पहिल्याच दिवशी आला, पण सुटी झाल्यावर आला. आतले काम काही त्या चित्रात दिसत नाही. हे मी आपले जाता जाता सांगितले.

ती पेटी ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली, आणि तिचे खेळ पाहून आपल्यातला एक माणूस झपाटला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. पुढे १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. हारतुरे, गर्दी, कोणीतरी आपला माणूस बोटीवरून उतरलेला, आणि तो सोहळा जपून ठेवावा ही इच्छा. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला अजून बारा वर्षे अवकाश होता. तेव्हा आजच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याला आपले घराणे सांगायचे झाले, तर त्याने फाळक्यांच्या आधी सावेदादांचे नाव सांगावे.

घरोघरच्या लग्नांत मात्र ही विद्या फार उशिरा आली. १९८२ साली देशात रंगीत टेलिव्हिजन सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग व्हिडिओ कॅसेट आली. आपल्या शहराला तर या धंद्याची आणखी एक बाजू ठाऊक आहे. येथून पैठण रस्त्याने गेले की चितेगाव लागते. तेथे व्हिडिओकॉनचे टेलिव्हिजन तयार होत. आपल्यापैकी कित्येकांनी लग्नाची कॅसेट ज्या संचावर पाहिली, तो संच आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातांनी जोडलेला असण्याचा संभव होता. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली, आणि संच जोडणारे ते हात निरनिराळ्या धंद्यांत विखुरले.

त्या वेळचा कॅमेरा आपल्याला आठवत असेल. प्रथम कॅमेरा वेगळा आणि कॅसेट फिरवणारे यंत्र वेगळे, मध्ये जाड वायर, यंत्र खांद्याला अडकवलेले. पुढे दोन्ही एकत्र होऊन तो अजस्र कॅमेरा खांद्यावर बसला. त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा उंच धरणारा मुलगा, आणि दिव्याच्या मागे वायर आवरणारा आणखी एक मुलगा. हे त्रिकूट मांडवात शिरले की वऱ्हाडी मंडळी बाजूला होत. हॅलोजनच्या उष्णतेने नवरीच्या कपाळावरून घाम ओघळे, आणि अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना डोळे दिपून जात. गंमत अशी, की ते चित्र हलते असूनही माणसे त्यात हलत नसत! आपण घरी जुनी कॅसेट पाहिली असेल तर आठवून पाहा. पंगतीवरून कॅमेरा सरकत जातो आणि ज्याच्यावर दिवा पडेल तो माणूस घास हातात तसाच धरून, मान ताठ करून, कॅमेऱ्याकडे पाहत राहतो. दिवा पुढे गेला की मग घास तोंडात जातो. बायका पदर सावरून भिंतीला टेकतात. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सगळे गाव फोटोला उभे असल्यासारखे दिसे. दोष कोणाचाच नव्हता. एवढे मोठे यंत्र समोर आले की माणूस आपोआप सावधान होतो. आमच्या कामगारांचे साहेब आल्यावर होते तसेच.

यंत्र लहान झाले आणि हे सगळे पालटले. १९९५ च्या सुमारास लहान कॅसेटचे डिजिटल कॅमेरे निघाले. २००८ साली कॅननने फोटोच्या कॅमेऱ्यातच उत्तम चलच्चित्र घेण्याची सोय केली आणि लग्नाचा फोटोवाला एका वर्षात सिनेमावाला झाला. आता २०२३ च्या ऑक्टोबरात निघालेला एक कॅमेरा तर अवघा १७९ ग्रॅमचा आहे. त्याची मान आतल्या आत तोल सांभाळते. हात हलला, पाऊल अडखळले तरी चित्र थरथरत नाही. वायर नाही, हॅलोजन नाही. तो घेऊन मुलगा थेट नाचणाऱ्यांच्या मध्ये शिरतो, आणि नाचणारे त्याला आपल्यातलाच समजून त्याच्या गळ्यात हात टाकतात.

याने लग्नाचे चित्रण जिवंत झाले, यात शंका नाही. मी मुद्दाम काही मुलांबरोबर बसून त्यांची कामे पाहिली. हळदीच्या दिवशी आजी नवरदेवाच्या गालाला हळद लावते आणि उरलेला हात हळूच आजोबांच्या सदऱ्याला पुसते. करवली नवरीच्या कानात काही सांगते, आणि दोघी मंगलाष्टकांच्या मध्यावर हसू दाबतात. मांडवामागे आचारी चुलाणावरची कढई उतरवून पदराने, नव्हे, पंचाने तोंड पुसतो. हॅलोजनच्या काळात यातले काही दिसले नसते. दिवा पोहोचेपर्यंत तो क्षण निघून गेला असता. आणखी एक गोष्ट. वरातीत डोक्यावर दिव्यांची झुंबरे घेऊन चालणारी माणसे आपण पाहिली आहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो खरोखरीचा अंधार त्यांच्या चेहऱ्यांवर असतो. एका मुलाने रात्रीच्या वरातीत असाच एक चेहरा टिपला होता. जनित्राची वायर एका हाताने आवरीत, बँडच्या तालावर ओठ किंचित हलवीत चाललेली एक बाई. घरच्या मंडळींनी तो तुकडा काढून टाकायला सांगितला, कारण ‘ही आमच्यापैकी नाही.’ मुलाने काढून टाकला. पण स्वतःजवळ ठेवला.

चित्रपटवाल्यांनाही या हलकेपणाचा गुण उशिरा का होईना पटला. मीरा नायर यांचा ‘मान्सून वेडिंग’ हा २००१ सालचा चित्रपट दिल्लीतल्या एका पंजाबी लग्नावर आहे. तो तीस दिवसांत, लहान फिल्मवर, बहुतांशी कॅमेरा हातात धरून काढला, आणि त्याला व्हेनिसचा सर्वोच्च मान मिळाला. त्यात मांडव घालणारा कंत्राटदार आणि घरची मोलकरीण यांचेही लग्न आहे, हे मला विशेष वाटते. कॅमेरा घरभर फिरू शकला म्हणजे तो स्वयंपाकघरात आणि मांडवाच्या बांबूंपाशीही जातो.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. जो कॅमेरा कोणाच्या लक्षात येत नाही तो कोणाची परवानगीही विचारीत नाही. पाठवणीच्या वेळी आई रडते ते तिचे रडणे आहे. त्यावर संगीत चढवून ते दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या जाहिरातीत फिरवायचे असेल, तर त्या माउलीला विचारायला नको काय? हळदीत बायका नाचतात ते आपल्या माणसांत नाचतात. आपल्या शहरात अनेक मुसलमान घरांत बायकांच्या बाजूला पुरुष शूटिंगवाला चालत नाही, आणि कॅमेरा हलका झाल्यामुळे तेथे आता मुली हे काम करू लागल्या आहेत. ही मला या बदलातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. कायद्याचे म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम वाचा. पैसे देऊन आपण फोटो अथवा फिल्म करवून घेतली, आणि उलट करार नसला, तर तिचे पहिले मालक आपण. तेव्हा आपल्या लग्नाचे तुकडे आपल्याला न विचारता जाहिरातीत वापरू नका, असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. त्याच कायद्याने वरातीत आणि लग्नसमारंभात गाणी वाजवण्याला सूट दिली आहे. पण ती सूट वाजवण्यापुरती आहे. तेच गाणे फिल्मवर चढवून जगभर दाखवले आणि मागाहून आवाज बंद झाला, तर शूटिंगवाल्याशी भांडू नका.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. कॅमेरा हलका झाला हे सर्वांना दिसले. त्याच्यामागचा माणूस हलका झाला नाही, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. सौदा ठरवताना घरचे वडीलधारे काय म्हणतात हे मी कानांनी ऐकले आहे. ‘अहो दादा, एवढासा तर कॅमेरा! खिशात मावतो. त्याचे एवढे कसले पैसे?’ म्हणजे वजनावर मोल! उद्या डॉक्टरच्या सुईचे वजन करून फी द्यावी लागेल. खांद्यावरचा कॅमेरा होता तेव्हा तीन माणसांचे त्रिकूट होते, तिघांना रोज मिळे. दिवा धरणारा आणि वायर आवरणारा हे दोघे आधी गेले. त्यांचे काम मात्र गेले नाही. ते त्याच एका मुलाच्या अंगावर आले. प्रकाशाचा हिशेब तोच करतो. आपल्या विजेचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, ते डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसते. शटरचा वेग पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर नीट बसवला नाही तर नवरीच्या चेहऱ्यावर काळे पट्टे सरकतात. डीजेच्या भिंतीसमोर आवाज फाटतो, म्हणून नवरदेवाच्या शेरवानीत छोटा मायक्रोफोन लपवायचा, आणि तो काढून घ्यायला विसरायचे नाही. एका कार्डावर भरवसा नको म्हणून दोन. लहान कॅमेऱ्याची बॅटरीही लहान, म्हणून खिशात चार.

पूर्वी एक दिवसाचे लग्न होते. आता मेहंदी, हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात, रिसेप्शन, आणि लग्नाआधी दौलताबाद नाहीतर वेरूळच्या बाजूला जाऊन काढलेले ते गाणे निराळेच. कॅमेरा थकत नाही म्हणून माणूसही थकत नाही असे धरून चालतात. मग मिक्सिंग. आठवडेच्या आठवडे संगणकापुढे बसून चाळीस तासांच्या चित्रणातून पाच मिनिटांचे सार काढायचे. या बसण्याचा रोज कोणी धरीत नाही, कारण ते कोणाला दिसत नाही. उरलेले पैसे अल्बम हातात पडल्यावर द्यायचे, आणि अल्बमचे फोटो निवडायला मंडळींना वर्ष लागते. तोवर कधी कधी बारसेही होऊन जाते!

धंदा ऋतूचा आहे. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत काम, चातुर्मासात काही नाही. मध्ये शुक्राचा अस्त झाला की शूटिंगवाल्याच्या चुलीचाही अस्त. २०२१ च्या एप्रिलात साथीमुळे सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा दिली, मोडले तर पन्नास हजार दंड. नियम जरूर होता, मी त्याविरुद्ध बोलत नाही. पण बँडवाले, मांडववाले, आचारी, शूटिंगवाले यांचा सबंध हंगाम गेला, आणि कॅमेऱ्याचे हप्ते मात्र चालू राहिले.

वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. कंत्राट संपल्यावर त्याने हप्त्याने कॅमेरा घेतला आणि एका स्टुडिओसाठी रोजावर जाऊ लागला. गेल्या उन्हाळ्यात त्याने ओळीने दोन रात्री काढल्या, एक हळदीची, दुसरी वरातीची, आणि पहाटे पैठणकडून मोटारसायकलवर परतताना त्याचा डोळा लागला. उजवा हात मोडला. तो ज्या हातात कॅमेरा धरीत असे तोच. स्टुडिओच्या मालकाने सांगितले, हा आमचा नोकर नव्हे, ऑर्डरपुरता बोलावलेला. लग्नघरच्यांनी सांगितले, आम्ही व्यवहार स्टुडिओशी केला, याला आम्ही ओळखत नाही. दोघेही खोटे बोलत नव्हते, आणि मला दोघांवर चिडताही येईना. त्या मुलाकडे ई-श्रमचे कार्ड होते, त्यावर बारा अंकी क्रमांक होता. तो क्रमांक घेऊन मी किती टेबले फिरलो ते सांगत बसत नाही. मोडलेला हात कोणत्या मालकाच्या कामावर मोडला, या प्रश्नाशी प्रत्येक टेबल थांबले.

आणि येथे मला महाराष्ट्राचीच एक जुनी गोष्ट आठवते. बाजारात डोक्यावर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराचाही हाच प्रश्न होता. सकाळी या व्यापाऱ्याचे पोते, दुपारी त्या व्यापाऱ्याचे, मालक कोण? अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत, बाबा आढावांनी पुण्यात हा प्रश्न हाती धरला, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात युक्ती साधी होती. मालक अनेक असतील तर मध्ये एक मंडळ असावे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिधी, औषधपाणी द्यावे. ‘माझा मालक कोण’ हे कामगाराला शोधावे लागू नये. १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठीही आपण असाच कायदा केला. मग मांडवातल्या माणसांसाठी का नको? शूटिंगवाला, बँडवाला, वाढपी, डोक्यावर दिवे वाहणारी ती बाई, या सर्वांना आज एक धनी आणि उद्या दुसरा. मंगल कार्यालयाचे बुकिंग ही एकच जागा अशी आहे की जेथे प्रत्येक लग्नाची नोंद होते. लेव्ही तेथेच घेता येईल. काही मित्र मला म्हणतात, पोत्याला वजन होते म्हणून कायदा झाला, १७९ ग्रॅमला कोण कायदा करणार? त्यांना मी एवढेच म्हणतो, की सुरक्षारक्षकाच्या डोक्यावर तरी कोणते पोते होते?

आपल्या अजिंठ्याला सोळाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. हे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दान केले, हे त्यावरून आपल्याला दीड हजार वर्षांनंतरही कळते. आतल्या भिंतींवर ज्याने माणसांची गर्दी, दागिने, डोळ्यांतली लाज रंगवली, त्याचे नाव लेखात नाही. लग्नाच्या फिल्मवरही नवरा-नवरीची नावे सोनेरी अक्षरांत येतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्याच घरचे कार्य. शूटिंगवाल्यांची मागणी नावाची नाहीच. मी त्यांना विचारले तर पहिली मागणी कोणती निघाली असेल? जेवण! पंगती उठल्यावर, भांडी घासायला गेल्यावर, ‘अरे, कॅमेरावाले राहिले की!’ अशी आठवण होते, असे प्रत्येकाने सांगितले.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर या मुलांनी क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात बसून एका पानाचा करारनामा तयार केला आहे. मी फक्त शुद्धलेखन तपासले. रोज किती तासांचा आणि त्यापुढे काय, मिक्सिंगचे वेगळे किती, दोन जेवणे कधी, रात्री बाराच्या पुढे काम चालले तर घरी पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, कामावर इजा झाल्यास पहिला खर्च कोण करील, उरलेली रक्कम अल्बमची वाट न पाहता किती दिवसांत, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय कोणतेही चित्रण जाहिरातीत वापरणार नाही अशी त्यांची स्वतःची हमी. ही शेवटची अट त्यांनीच आपणहून घातली. काही स्टुडिओवाल्यांनी त्यावर सही केली आहे, काहींनी ‘बघू’ म्हटले आहे.

त्याच्या प्रती मी दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आषाढाच्या आत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी एकेक न्यावी. आणि वधूकडची व वराकडची अशी दोन्हीकडची मंडळी योगायोगाने येथे आली असतील, तर त्यांनी दोन न्याव्यात, पण सही एकावरच करावी.